तोरणाखालचा जबाब

आधीच सांगून ठेवतो, मी खोटारडा माणूस नाही. मी पोळ्यात झडती म्हणणारा माणूस आहे. या दोन्हींत फरक आहे, आणि तो सरकारला समजावून सांगता सांगता माझी सून कामातून उठायची वेळ आली.

झडती म्हणजे काय, ते आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथकडच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पोळ्याच्या दिवशी गावातल्या बैलजोड्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेने उभ्या राहतात. तोरण तुटायच्या आधी बैलवाले एकमेकांना यमक जुळवून झोडपतात. आपला बैल पैनगंगा एका घोटात पितो, समोरच्याचा माशी हाकलताना आडवा होतो, असलं सगळं. चार ओळी झाल्या की गाव ‘हर हर महादेव’ म्हणून ओरडतं आणि पुढचा उभा राहतो. खरं बोलायला तिथे कुणी जातच नाही. नियम एकच, तोरणाखाली बोललेलं मागे घ्यायचं नाही. चाळीस वर्षं झडत्यांत मला कुणी हरवलेलं नाही, हे गाव मान्य करतं. माणिकराव करत नाही, पण तो काहीच मान्य करत नाही.

माझी अडचण अशी की दोन वर्षांपूर्वी मी बैल विकले. नांगरणीला ट्रॅक्टर येतो, आणि फवारणीला सुनेचा ड्रोन. माझी सून पूनम. गावातल्या बायकांच्या संघमला, म्हणजे बचत गटाला, सरकारकडून ड्रोन मिळाला, तेव्हा शिकायला पुढे कोण होणार, म्हणून सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या. पूनम उठली. पंधरा दिवस हैदराबादला राहून परवाना घेऊन आली. तिला हौस नव्हती, तिला राग होता. तीन वर्षांपूर्वी माझा लेक महिपत पाठीवर पंप घेऊन कापूस फवारत होता. भर उन्हात, तोंडाला नुसता रुमाल बांधून. दुपारी तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पडलेला सापडला. सहा दिवस दवाखान्यात होता, आणि महिनाभर त्याला समोरचं माणूस धुरातून दिसावं तसं दिसायचं. पूनम ते सहा दिवस खाटेशेजारी बसून त्याचा श्वास मोजत होती. घरी आल्यावर तिने तो पंप माळ्यावर फेकला आणि म्हणाली, “हा आता खाली नाही येनार.”

आणि तो आला नाही. आता पूनम धुऱ्यावर उभी राहते, ड्रोन कापसावरून दोन-तीन हात उंचीने जातो आणि माणूस औषधाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. सहा हात, सहा पंखे, पोटात दहा लिटरची टाकी. मला त्या यंत्राचा फार अभिमान. फक्त पोळ्याला तेवढं जिवाला लागायचं. अख्खं गाव बैल घेऊन तोरणाखाली, आणि मी रिकाम्या हाताने बघ्यांत.

म्हणून यंदा मी ड्रोन घेऊन गेलो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या संध्याकाळी, आमच्या बयनाबाईने, म्हणजे माझ्या बायकोने, बैलांच्या खांद्याला चोळतात तसं ड्रोनच्या सहाही हातांना तूप-हळद चोळलं आणि “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या” असं रीतीप्रमाणे सांगितलंही. पूनमने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“आत्याबाई, मोटरीत तूप गेलं तं थो उडन का?”

“कामाचा हाये तं मानाचा हाये,” बयनाबाई म्हणाली. “बैलाले कधी इचारलं का, तूप कुठं गेलं मनून?”

पूनमने अर्धा तास बसून ते तूप पुसून काढलं. पण सकाळी ड्रोनला बाशिंग बांधलं, तेव्हा ती हसली होती, हे मी पाहिलं आहे. ड्रोन माझ्यासाठी हातगाड्यावरही तिनेच उचलून ठेवला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी काय केलं ते तुम्हाला कळणार आहे.

तोरणाखाली हातगाडा उभा केल्याबरोबर माणिकराव पुढे आला. त्याची जोडी गावात मानाची, आणि त्याचं तोंड तिच्याहून पुढे. त्याने झडती टाकली.

“बैल इकून आनलं पाखरू,
वरून मुते जसं तान्हं लेकरू!
ना शिंग, ना शेपूट, सांगा भगवंतराव,
पोळ्यात याचं काय धरू?”

हर हर महादेव! गाव असं हसलं की माझे कान तापले. माझी पाळी आली. मी काही ठरवून गेलो नव्हतो, देवाशपथ. पण त्याच वेळी वर नागपूरहून हैदराबादला जाणारं विमान दिसलं, रोज त्या वेळेला दिसतं तसं, तांदळाच्या दाण्याएवढं. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

“पूनमचा ड्रोन गेला वर वर,
इमानाच्या पोटाखाली केलं घर!
पायलट म्हने, बाई, सरक जराशी,
पूनम म्हने, तूच खाली उतर!”

पोळा माझा झाला. माणिकरावाचे बैलसुद्धा माझ्याकडे बघायला लागले, असं मला वाटलं. कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं आणि दोन दिवसांत आदिलाबादपासून यवतमाळपर्यंत लोक मला ‘इमानवाले बाबा’ म्हणायला लागले. मी इतका फुगलो की आमच्या दारातून आडवा आत जात होतो.

तिसऱ्या दिवशी गावात सरकारी जीप आली.

जीपमधून मोठे सार, म्हणजे जिल्ह्याचे साहेब, उतरले. तेलुगू बोलणारे, शांत, चष्मा रुमालाने पुसत राहणारे. त्यांच्याबरोबर मराठी जाणणारा कारकून होता, रविकांत, बगलेत फाईल घेऊन. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर खुर्च्या मांडल्या आणि बघता बघता गाव जमलं. रविकांतने सांगितलं ते असं. पोळ्याच्या दिवशी अकराच्या सुमाराला एका प्रवासी विमानाच्या पायलटने तक्रार नोंदवली होती, की या भागावरून जाताना डाव्या पंखाजवळ हात असलेली काहीतरी काळी वस्तू दिसली, ड्रोनसारखी. तेव्हापासून जिल्ह्यातल्या एकेका ड्रोनची तपासणी चालली होती. आणि त्यातल्या एकाच ड्रोनने कबुली दिली होती.

“कोनत्या?” मी विचारलं.

“तुमच्या,” रविकांत म्हणाला आणि त्याने फाईल उघडली.

माझी झडती आधी तेलुगूत, मग तिथून इंग्रजीत गेली होती, आणि आता रविकांत ती परत मराठीत वाचून दाखवत होता. “सदर पूनम हिने ड्रोन विमानाच्या उंचीवर नेला. विमानाच्या खालच्या भागास लागून विनापरवाना बांधकाम केले. पायलटने बाजूला होण्याची विनंती केली असता सदर पूनम हिने ती नाकारली व प्रवासी विमानास खाली उतरण्याचा हुकूम दिला.”

“बांधकाम?” पूनम म्हणाली.

“घर केलं, असं जबाबात हाय. ग्रामपंचायतीची परवानगी होती का?”

सरपंच घाईने म्हणाले की ग्रामपंचायतीकडे असा अर्ज आलेलाच नाही.

लोक हसत होते. मोठे सार हसत नव्हते. ते तेलुगूत हळू बोलले आणि ते मला रविकांतशिवाय कळलं. ते म्हणाले, त्या विमानात पावणेदोनशे माणसं होती. इंजिनात एक पक्षी गेला तरी पुरतो. उद्या एखाद्याने हौसेने खेळणं उडवलं आणि ती पावणेदोनशे माणसं कुणाच्या शेतात पडली, तर मी तेव्हा हसत होतो असं कुणाला सांगू?

मग पूनम पुढे झाली. “सार, हा ड्रोन तीस मीटरच्या वर जातच नाही. आतमधीच तशी मर्यादा टाकलेली हाये. मी तं चार मीटरच्या वर नेतच नाही. औषध वाऱ्यानं उडते.”

सारांनी मान हलवली. मग माझ्याकडे बघितलं. “पण घरातले मोठे वेगळं सांगतात.”

रविकांत माझ्याकडे वळला. “भगवंतराव, एवढंच सांगा. तुमी बोलले थे खरं का खोटं?”

एका शब्दाचं काम होतं. खोटं. एवढं म्हटलं असतं तर सार चहा पिऊन गेले असते. पण समोर माणिकराव खांबाला टेकून उभा होता, मिशीत हसत. अख्खं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. आणि माझ्यातला तो चाळीस वर्षांचा झडतीवाला ताठ उभा राहिला.

“तोरनाखाली बोललेलं,” मी म्हणालो, “आमी मांगं घेत नाही.”

हात दाखवून अवलक्षण ते हेच. रविकांतने ते लिहून घेतलं, जबाब कायम. ड्रोन पोत्यात घातला, पोत्याचं तोंड शिवलं, वर लाखेची मोहर मारली. पूनमचा परवाना फाईलमध्ये गेला. ती माझ्याकडे एकदाच बघून घरी गेली. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर आठवडाभर घरात भांडीसुद्धा हळू वाजत होती. इकडे कापसावर मावा पडला, तुडतुडे पडले, पानं खालून चिकट व्हायला लागली. बाकीच्यांचे पंप बाहेर निघाले. एका सकाळी हातपंपावर पाण्याचा आवाज आला म्हणून बघितलं, तर महिपत माळ्यावरचा तो पंप काढून धूत होता. पट्टे नरम पडावेत म्हणून त्यांना तेल लावत होता.

“काऊन काढला?” मी विचारलं.

“मंग काय करू, बाबा? कापूस सोडून देऊ?” तो वर न बघता म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता. तेच मला खुपलं.

बयनाबाई चुलीपाशी होती. तिने भाकर थापता थापता मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात सांगितलं, “गावात जिकले तुमी. घरात कोन हरलं थे पाहा.”

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या वेळेला मी तो पंप उचलला आणि वावरात गेलो. म्हटलं, पाठीवर घ्यायचाच असेल तर ज्याच्या जिभेमुळे आला त्याच्या पाठीवर येऊ दे. माझं वय सदुसष्ट. कापसाचं पहिलं तास, म्हणजे एक ओळ, पुरं केलं. दुसऱ्याच्या मध्यावर हात कापायला लागले, तोंडात कडू पाणी आलं आणि मी कापसात मटकन खाली बसलो. पंप पाठीवर तसाच. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की महिपत पडला असेल तेव्हा त्याला वर नुसतं आभाळ दिसलं असेल. माझी मला फार लाज वाटली.

पूनम धावत आली. तिने आधी पट्टे काढले, मग साबणाने माझे हात धुतले, मग तोंड धुतलं, आणि मग ती भडकली.

“मामाजी, तुमाले मरायचं असन तं तोरनाखाली मरा! माह्या कापसात नाही!” तिने पंप दूर ढकलला. “सहा दिवस मोजले म्या. आता पुन्हा तुमच्या लेकाचे मोजू का तुमचे मोजू? एक वाक्य हाये. खोटं होतं मनून सांगा. एवढं जड हाये का थे, या पंपाहून?”

मी तसाच ओल्या धोतराने जैनथला गेलो आणि तिथून ऑटोने जिल्ह्याच्या कचेरीत.

“साहेब, खोटं होतं,” रविकांतसमोर उभा राहून मी म्हणालो. वाटलं, संपलं.

रविकांतने चष्म्यावरून बघितलं. “असं चालत नाही ना, भगवंतराव. मूळ जबाब कुठं दिला?”

“तोरनाखाली.”

“कोनासमोर?”

“गावासमोर. बैलासमोर.”

“मंग रद्द बी तिथंच होईन. त्याच जागी, त्याच पंचांसमोर, त्याच पद्धतीनं. सार तसं लिहून गेले हायेत.” त्याने कागद दाखवला. खरंच लिहिलेलं होतं, खाली दस्तखतसुद्धा होती.

अशा रीतीने, पोळा होऊन बारा दिवस झाल्यावर, एका साध्या बुधवारी आमच्या गावात पुन्हा पोळा भरला. आंब्याची पानं नवी आणली. वाजंत्रीवाल्यांना बोलावलं, कारण मूळ जबाबाच्या वेळी ते वाजवत होते. बैलवाल्यांनी बैल धुऊन आणले, पण बैलांना काही उमजेना. दोघा-तिघांनी पुरणपोळीच्या वासासाठी माना फिरवल्या आणि नाराज झाले. सारांनी पोत्याची मोहर तोडली. बयनाबाईने पहिल्यासारखंच बाशिंग बांधलं, सारांच्या हुकुमावरून.

आधी उंची मोजायची ठरली. रविकांतने लांब फीत आणली, तिचं एक टोक ड्रोनच्या पायाला बांधलं आणि दुसरं स्वतः धरून बसला. पूनमने ड्रोन उचलला. वडाच्या पारंब्यांवरून, चिंचेच्या फांद्यांवरून तो बाशिंग हलवत वर गेला, आणि चिंचेच्या शेंड्याच्या थोडं वर जाऊन थांबला. पूनमने रिमोटची काडी पुढे रेटून दाखवली. जागचा हलला नाही.

“तीस मीटर,” रविकांतने वाचलं. मग मोबाईलवर हिशेब केला. “तक्रारीत एकतीस हजार फूट हाय. अजून तीस हजार नऊशे दोन फूट राह्यले, सार.”

सार बराच वेळ वर बघत राहिले. त्यांचं म्हणणं पडलं की आज गेला नाही हे दिसलं, पण त्या दिवशी गेला हे माझ्या जबाबात आहे. म्हणून आता जबाब.

मी तोरणाखाली गेलो. समोर माणिकराव त्याच जागी, त्याच जोडीचा कासरा धरून उभा. बाजूला महिपत. पूनम ड्रोनचा रिमोट छातीशी धरून माझ्याकडे बघत होती. रविकांत म्हणाला, “त्याच पद्धतीनं, भगवंतराव. यमक पाह्यजे.”

“ड्रोन गेला चिंचेच्या शेंड्यावर,
तिथंच थांबला, नाही गेला वर!
इमान पाह्यलं म्या जमिनीवरून,
खोटं बोललो, हे कान धरून!”

आणि मी खरंच कान धरले. दोन्ही.

कुणी ओरडलं नाही. हरलेल्या झडतीला काय म्हणायचं ते गावाला माहीतच नव्हतं, कारण अशी झडती कधी झालीच नव्हती. वाजंत्रीवाला काडी वर धरून तसाच राहिला. मला वाटलं, आता माणिकराव हसेल आणि माझं पुढचं आयुष्य त्या हसण्याखाली जाईल.

माणिकरावाने कासरा सोडला, दोन्ही हात वर केले आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, “हर हर महादेव!”

मग गाव ओरडलं. सारसुद्धा ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाले. त्यांनी तिथेच परवाना पूनमच्या हातात दिला, पण अटी घातल्या. त्या पायलटला नेमकं काय दिसलं, घार की ढगाची सावली, हे कुणालाच कळलेलं नाही, आणि सारांना रिकाम्या हाताने परत जायचं नव्हतं. पहिली अट, आकाशात प्रवासी विमान दिसताच ड्रोन जमिनीवर उतरवून बंद ठेवावा, विमान दिसेनासं होईपर्यंत. दुसरी अट, त्यासाठी घरातल्या एका जबाबदार माणसाची निगराणीदार म्हणून नेमणूक करावी. रविकांतने माझं नाव लिहिलं आणि खिशातून पोलिसांची असते तशी एक शिट्टी काढून माझ्या हातावर ठेवली.

आता रोज सकाळी मी धुऱ्यावर बाज टाकून आभाळ बघत असतो. मला सगळी विमानं पाठ झाली आहेत. सकाळचं नागपूरवालं, मग दक्षिणेकडून येणारं एक, साडेदहाचं उंच जाणारं, अकराचं ते. दाणा दिसला की मी शिट्टी मारतो. पूनम ड्रोन खाली टेकवते आणि मांडीवर हात ठेवून बसते, दाणा गेल्याची दुसरी शिट्टी होईपर्यंत. शेजारच्या वावरातला माणिकरावही आपला कोळपणीचा डवरा थांबवतो, अट त्याला लागू नसताना. माझ्या मानेला आता वळी पडली आहे. वर बघताना पूर्वी मला फक्त विमान दिसायचं. आता मी आतली माणसं मोजतो. पावणेदोनशे. कुणी डबा उघडला असेल, कुणी झोपलं असेल.

काल अकराच्या विमानाला शिट्टी मारली. ड्रोन खाली आला. महिपत औषधाचा कॅन बांधावर ठेवून पाणी पीत बसला, कोरड्या सदऱ्यात. पाठीवर काही नाही. आणि माझ्या जिभेवर काहीतरी वळवळलं. मी तोंड घट्ट मिटलं.

पूनमने ते पाहिलं. तिला दिसतंच असलं. ती जवळ येऊन बाजेच्या कडेला बसली.

“काय आलं, मामाजी?”

“काई नाही.”

“म्हना. पन माह्या कानात म्हना.”

मी इकडेतिकडे पाहिलं. मोबाईल कुणाच्या हातात नव्हता. तिच्या कानाशी वाकलो.

“वर इमान चाललं, खाली ड्रोन टेकला,
लेकाच्या पाठीवरचा पंप सुनेनं फेकला.”

तिने पदराने डोळ्याचा कोपरा पुसला, औषध उडालं असावं तसा.

“हे खरं हाये,” ती म्हणाली. “हे मांगं घेऊ नका.” मग वर बघून विचारलं, “गेलं का?”

मी नीट बघितलं. हैदराबादच्या दिशेला दाणा बारीक होत होत दिसेनासा झाला होता.

“गेलं,” मी म्हणालो, आणि शिट्टी मारली.